खोली कुठं बांधायची?

केंद्राला जागा कमी पडते, हे मला कुणी सांगायला नको. त्या कमी जागेपायी माझ्या बापाच्या एकवीस वर्षांच्या वह्या पाण्याच्या बंबात गेल्या. त्यामुळं 26 जानेवारीच्या ग्रामसभेत "गुरुजी, तुम्ही प्रयोगशाळेच्या विरोधात हाय काय?" असं भर सभेत मला विचारलं गेलं, तेव्हा मी गपकन खाली बसलो. बोलायला लागलो असतो तर आवाज फुटला नसता. त्या दिवशी जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो.

मी प्रयोगशाळेच्या विरोधात नाही. शिकवायच्या खोलीच्या तर नाहीच नाही; सदतीस वर्षं खडू घेऊन उभा राहिलेला माणूस वर्गाच्या विरोधात कसा असेल? मी सड्यावर बांधायच्या विरोधात आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकच आहेत असं भासवलं जातंय, आणि माझं भांडण तिथं आहे.

आधी जागा सांगतो. पाटण तालुक्याच्या पश्चिम अंगाला, कोयनेच्या खोऱ्यावर, साडेतीन हजार फुटांच्या आसपास आमचा सडा. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट, उघडं रान. त्याच्या खाली, डोंगराच्या कुशीत आमची वाडी. सड्याच्या कडेला एक जुना दगडी बंगला. कधीकाळी तिथं साहेब लोक उतरायचे. पुढं शहरातल्या एका कॉलेजानं तो भाड्यानं घेतला आणि 1974 साली तिथं वनस्पतींच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. कागदावर त्याचं नाव हातभर लांब आहे. आम्ही आजही 'बंगला'च म्हणतो. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं न्हाणी आणि स्वयंपाकाची पडवी. पन्नास वर्षांत त्यात एका पत्र्याच्या शेडची भर पडली. तीही एका आषाढात उडाली आणि तिचे पत्रे आम्ही खालच्या ओढ्यातून गोळा करून आणले.

माझे वडील, तात्या, पहिल्या दिवसापासून तिथं राखणदार. राखणदारी नावाची, खरं तर वाट दाखवणं, पाणी भरणं, स्वयंपाक, आणि कुठलं फूल कुठल्या खळग्यात कधी येतं ते सांगणं, सगळं तेच. हजेरीपटावर मात्र शेवटपर्यंत 'अकुशल मजूर'.

भाद्रपदात पोरांची तुकडी यायची. चाळीस पोरं, दोन सर, एक बाई. एका खोलीत बाया-मुली झोपायच्या, दुसरीत सामान आणि सर. मुलगे ओसरीवर, पावसाचे शिंतोडे अंगावर घेत. सकाळी त्याच ओसरीवर वर्ग भरायचा, त्याच ओसरीवर जेवणाच्या पंगती, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात तिथंच झाडं दाबायचं काम. वाळवायचे कागद ओले, झाडं ओली, पोरांचे कपडे ओले. चुलीच्या वर दोरी बांधून आमची आय ते कागद वाळवायची. एका अंगाला भाकरी, एका अंगाला टीपकागद.

सूक्ष्मदर्शक यंत्र एकच होतं. आमच्याकडच्या पावसात काचेला बुरशी चढते. दोन पावसाळ्यांत भिंग आंधळं होतं. ते ठेवायला कोरडी जागा बंगल्यात नव्हती, म्हणून तात्यानं ते आमच्या घरी आणलं आणि चुलीवरच्या माळ्यावर, बियाण्याच्या कणगीशेजारी ठेवलं. सहा वर्षं ते यंत्र आमच्या नाचणीच्या बियाण्याबरोबर राहिलं, आणि बियाण्यासारखंच धड राहिलं. कॉलेजातल्या बाई एकदा घरी आल्या, माळ्याकडं बघून म्हणाल्या, "बाबा, आमच्या कपाटापेक्षा तुमचा माळा बरा." तात्या हसला. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं, की शहाण्या माणसांना एक कोरडं कपाट का मिळू नये?

त्याच बाईंनी एकदा ओसरीवर ते यंत्र मांडलं होतं. सड्यावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरलेला. बाईंनी एक रोप मुळासकट चिखलातून काढलं, पाण्यानं हळूच धुतलं आणि काचेवर ठेवलं. मुळाजागी बारीक बारीक फुगे. तात्याला म्हणाल्या, "बघा." तात्यानं एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि एकदम मागं सरकला.

"आरं, गिळलं की त्यानं!"

पाण्यातला एक बारीक जीव फुग्याच्या तोंडाशी गेला आणि पापणी लवायच्या आत आत ओढला गेला होता. ज्या फुलावरून तात्या जन्मभर गुरं वळत आला होता, ते शिकार करतं हे त्याला पन्नाशीला कळलं. त्या दिवसापासून तो गुरं त्या खळग्याच्या कडेनं न्यायचा. "जेवतंय ते, जेवू दे," म्हणायचा.

आता हेच रोप पिशवीत घालून शहरात न्या. आठ तासांचा प्रवास, उकाडा. पोचेपर्यंत फुगे चेपलेले, पाणी नासलेलं, आतला जीव मेलेला. काचेखाली दिसणार काय? कुजलेलं मूळ. म्हणून जे म्हणतात, "कॉलेजात चांगली प्रयोगशाळा आहे, डोंगरावर दुसरी कशाला?" त्यांना माझं सांगणं आहे, की काही गोष्टी जागेवरच बघाव्या लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 2012 साली महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली. का? ढग पोत्यात भरून पुण्याला नेता येत नाहीत म्हणून. संस्थेनं शहाणपणानं प्रयोगशाळाच ढगात नेली. गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारं केंद्रही महाबळेश्वरलाच आहे; गहू पिकतो देशावर आणि त्याच्या रोगाचा अभ्यास होतो डोंगरावर, कारण तिथली थंड, ओली हवा त्या कामाला लागते. तेव्हा डोंगरावर प्रयोगशाळा हवी की नको हा वाद माझ्या लेखी संपलेला आहे. हवी. आणि आत्ता आहे त्याच्या चौपट जागेची हवी.

आता वह्यांचं सांगतो.

1976 सालापासून तात्या पाऊस मोजायचा. सरांनी पर्जन्यमापक बसवून दिला, मापाची काच दिली, आकडे वाचायला शिकवले. तात्या चौथीपर्यंत शिकलेला. रोज सकाळी साडेआठला माप, वहीत तारीख आणि मिलिमीटर. आषाढात बाटली भरून वाहून जाऊ नये म्हणून मध्यरात्री घोंगडं पांघरून, कंदील घेऊन एकदा वर जाऊन यायचा. वर्षाला एक वही. पावसाशेजारी तो आपल्या मनानं आणखी लिहायचा: 'आज पहिला बेडूक वरडला.' 'दवबिंदू उगवला.' 'गेंद फुलला, मागल्या सालापेक्षा आठ दिस उशिरा.' 'कारवी फुलली, आता मध.' 2000 सालापर्यंत, पंचवीस वह्या. एक दिवस चुकला तो माझ्या लग्नाचा. तोही आयनं मोजला आणि मला लिहायला सांगितला.

वह्या ठेवायला जागा? सामानाच्या खोलीतली पलंगाखालची पेटी. खोली गळायची. पेटीला वाळवी लागली. तात्यानं दोनदा सांगितलं, "सायेब, कपाट द्या." कपाट आलं नाही. पुढं एका वर्षी बडे पाहुणे येणार म्हणून बंगल्याची साफसफाई निघाली. तात्या तेव्हा आजारी, घरी पडून. ओल्या, कुरतडलेल्या वह्यांचा तो गठ्ठा कुणीतरी रद्दी म्हणून बाहेर काढला, आणि पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायला बंबात घातला. चार वह्या घरी होत्या म्हणून वाचल्या. बाकी एकवीस गेल्या.

कुणाचं नाव मी घेत नाही. घालणाऱ्याचा दोषही मोठा मानत नाही. त्याला समोर भिजका कागद दिसला, पाऊस दिसला नाही. दोष जागा नसण्याचा, आणि जागा नाही हे माहीत असून पन्नास वर्षं गप्प बसण्याचा. तात्या कळल्यावर एवढंच म्हणाला, "पानी तरी तापलं न्हवं का?" 2009 साली तो गेला. त्या दोन शब्दांच्या चेष्टेखाली काय होतं, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

तेव्हा विस्ताराची बातमी आली, पैसा मंजूर झाला असं कळलं, तेव्हा वाडीत सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला होता. मग नकाशा बघितला.

दुमजली सिमेंटची इमारत. शंभर खुर्च्यांचं सभागृह. पाहुण्यांसाठी सहा खोल्या, प्रत्येकीला आपली न्हाणी. गाड्या लावायला फरसबंद जागा. आणि खालच्या मजल्यावर, जिन्याच्या पलीकडं, एक प्रयोगशाळा: बंगल्यातल्या दोन खोल्या एकत्र केल्या तर जेवढी होईल तेवढी. नाव प्रयोगशाळेच्या विस्ताराचं, आणि वाढलं काय? खाट वाढली. जागा कुठली? बंगल्याच्या पुढचा सपाट सडा. म्हणजे तोच, जिथं तात्यानं फुग्याला जेवताना बघितलं.

नकाशा काढणारे साहेब मे महिन्यात येऊन गेले होते. मी त्यांना दोष देत नाही. मे महिन्यात सडा बघितला तर कुणालाही तिथं गाड्याच लावाव्याशा वाटतील. काळा करपलेला कातळ, गवताची काडी नाही. सातबाऱ्यावरही तो 'पोटखराबा'. सरकारी भाषेत खराब, साहेबाच्या डोळ्याला मोकळा, मग सरपंचाला फुकटचा. तीन ठिकाणी तीन नावं, अर्थ एकच: इथं काही नाही.

इथं काय आहे ते मी सांगतो. कातळावर कुठं बोटभर, कुठं वीतभर माती. तेवढ्या मातीत जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत एक अख्खं जग जन्मतं, फुलतं, बी धरतं आणि परत मातीत जाऊन झोपतं. सातारा जिल्ह्यातल्या सड्यांवर उथळ पाण्यात वायतुरा उगवतो. शास्त्राच्या पुस्तकात तो 1982 साली दाखल झाला आणि त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. कासचं पठार 2012 साली जागतिक वारशात गेलं ते असल्याच मातीच्या जोरावर. तिकडं आंबोलीला कातळावरच्या डबक्यात अंडी घालणारा एक भेक आहे. तो वेगळ्या जातीचा आहे हे जगाला 2009 साली कळलं. डबकं म्हणजे केवढं? आपण ओंजळभर म्हणू तेवढं. त्यावर वाळूचा एक ट्रक ओतला की संपलं. आणि ट्रकच कशाला, ओल्या सड्यावरून एक जीप गेली तरी चाकोरी पडते, पाणी त्या चाकोरीनं धावतं आणि शेजारचा खळगा कोरडा पडतो. म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा त्याच्यावरच पाया खणायचा. पेशंटच्या छातीवर दवाखाना बांधण्यातला हा प्रकार.

फुलांचं कौतुक शहरवाल्यांना, आमच्या वाडीला पाण्याची काळजी. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी तो पितो, मुरवतो, आणि खाली जिथं चिकण लागते तिथून झऱ्यानं बाहेर सोडतो. आमच्या वाडीचा पाणवठा असल्या झऱ्यावर आहे. नळयोजना आली, मोटर जळली, पाइप फुटले, परत आली. झरा एकदाही बंद पडला नाही. आता त्या झऱ्याच्या डोक्यावर सहा न्हाण्या आणि शंभर माणसांचा संडासाचा खड्डा येणार. सभेत मी एवढंच विचारलं होतं, की खड्ड्यातलं पाणी कुठं जाणार? उत्तर आलं, "मुरंल की जाग्यावर." मुरणारच. तेच तर भय आहे.

आणखी एक भय आहे, ते बोलताना आमच्या भागात आवाज आपोआप खाली येतो. जुलै 2021. एका रात्रीच्या पावसात आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. ते कशानं झालं याचा निवाडा करणारा मी नव्हे. पण त्या रात्रीनंतर डोंगराच्या काठाला जेसीबी लावायचा, पाण्याची वाट फिरवायची आणि खाली वाडी आहे हे नकाशात दाखवायचंही नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि हे शास्त्र शिकवणाऱ्यांच्या इमारतीसाठी?

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही दोन शब्द बोलायचे आहेत. शहरातून काही निसर्गप्रेमी आले होते. त्यांनी मला मिठीच मारली. म्हणाले, "काका, आपण मिळून हा विस्तार बंद पाडू. सडा कुणी शिवताच कामा नये." त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, की मी तुमच्यातलाही नाही. सडा नुसता राखून राहत नाही. वनकुसवड्याच्या पठारावर जाऊन बघा. तिथं पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी रस्ते झाले. वीज लागतेच, तिला मी नाव ठेवत नाही. पण त्या आधी तिथल्या कातळावर पंचवीस वर्षं रोज साडेआठला जाणारं, वहीत लिहिणारं कुणी असतं, तर निदान काय गेलं ते तरी सांगता आलं असतं. जिथं मोजणारा माणूस नाही तिथं 'पोटखराबा' हाच शेवटचा शब्द ठरतो. म्हणून केंद्र हवं, पोरं हवीत, त्यांच्या बुटांचा आवाज हवा. फक्त पाया सड्यात नको.

मग खोली कुठं बांधायची? मी म्हणतो, बांधायचीच कशाला? बांधलेली आहे.

11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आमची जुनी शाळा त्यात पडली. नवी शाळा वाडीनं श्रमदानानं उभी केली. दगडी जोतं, वर लाकडी सांगाडा, पत्रा. जोत्याचे दगड बायकांनी डोक्यावरून आणले; माझ्या आयचाही त्यात वाटा आहे, आणि कुठला दगड तिचा हे ती मरेपर्यंत बोट ठेवून दाखवायची. दोन ऐसपैस वर्ग, मधे लांब ओसरी, पुढं पटांगण. मी तिथं चौथीपर्यंत शिकलो. पुढं तालुक्यात दहा शाळा फिरलो, पण असा उजेड कुठल्या वर्गात पाहिला नाही.

आज त्या शाळेला कुलूप आहे. पोरं मुंबईला, पुण्याला; पट उतरत उतरत तीनवर आला, आणि वरून आदेश आला. कायदा सांगतो की पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी. आमची तीन पोरं आता पाच किलोमीटर खाली जातात, पावसाळ्यात ओढा भरला की जात नाहीत. त्यातला एक माझा पुतणनातू. शाळेच्या फळ्यावर अजून शेवटच्या दिवसाचा सुविचार आहे. तो इथं लिहीत नाही, वाचवत नाही.

ही शाळा बंगल्यापासून पंचवीस मिनिटांच्या चढावर आहे. रस्ता दारापर्यंत आहे, वीज आहे, पाणी झऱ्याच्या खालच्या अंगाला असल्यानं घाणही झऱ्यात जात नाही. दोन वर्गांपैकी एक प्रयोगशाळा करा, एक शिकवायची खोली. पटांगणाच्या कडेला, जिथं पूर्वी परसबाग होती, तिथं पोरांच्या झोपण्यासाठी लांब दालन बांधा. त्याला माझी ना नाही, उलट पहिली पाटी मी उचलीन. बंगला राहू दे बंगल्याच्या जागी, पर्जन्यमापक आणि चार माणसांच्या मुक्कामापुरता.

ही माझ्या डोक्यातली खुळचट कल्पना आहे असं सभेत कुणीतरी म्हणालं. तर ऐका. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, साडेनऊ हजार फुटांवर गॉथिक नावाचं गाव आहे. चांदीच्या खाणींवर वसलेलं. चांदी संपली, माणसं उठून गेली, गाव ओस पडलं. 1928 साली एका प्राध्यापकानं त्या ओस गावात, तिथल्या जुन्या घरांत, डोंगरावरची जीवशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. रॉकी माउंटन बायोलॉजिकल लॅबोरेटरी. जगभरातून माणसं आज तिथं जातात. बिळात राहणाऱ्या मार्मोट नावाच्या प्राण्याचा अभ्यास तिथं 1962पासून चालू आहे. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट: 1970च्या दशकात तिथं राहायला आलेल्या एका माणसानं नुसता विरंगुळा म्हणून रोज बर्फ मोजायला सुरुवात केली. किती पडलं, कधी वितळलं, कुठला प्राणी कधी बिळाबाहेर आला, कुठला पक्षी कधी दिसला. हवामान बदलतंय का हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना पुढं त्याच वह्या सोन्यासारख्या झाल्या. एका तरुण सरांनी हे मला शाळेच्या ओसरीत बसून लॅपटॉपवर दाखवलं. मी त्यांना म्हणालो, "सर, आमच्याकडं पण असा एक होता." त्यांनी विचारलं, "मग वह्या कुठायत?"

आता आडकाठ्या. सरपंच माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणतो, "गुरुजी, इमारत आली तर पोरांना काम मिळंल." कसलं काम? दोन वर्षं वाळू वाहायचं, मग पाहुण्यांच्या चादरी बदलायचं. तात्याला पंचवीस वर्षं जे काम होतं ते मोजणीचं होतं, आणि मजुरी हमालाची होती. काम मागायचंच तर ते मागा: वाडीतली दोन पोरं केंद्रावर मोजणीला, पगारी, 'क्षेत्र सहायक' म्हणून नोंद करून.

कॉलेजची मंडळी म्हणतात, पंचवीस मिनिटं चालावं लागेल. चालू द्या की! डोंगरावर शिकायला येऊन चालायचं नसेल तर शहरात बरं आहे. आणि सीतेची आसवं डब्यात पाण्यासकट ठेवली तर पंचवीस मिनिटं सहज टिकतात. आठ तास टिकत नाहीत एवढंच.

शाळेची इमारत दुसऱ्या खात्याची, ती मिळणार नाही, असं म्हणतात. मागितली का? ग्रामसभेचा ठराव करू, अर्ज करू, वाडी म्हणून सह्या देऊ. एक अट मात्र आमची राहील. वर्ग रोज दुपारपर्यंत वाडीच्या पोरांना उघडा पाहिजे. कॉलेजातली चाळीस पोरं शिकत असताना आमची तीन ओसरीत बसली तर काय बिघडेल? कुणाला ठाऊक, तीनची तेरा होतील. शाळा बंद पडते ती पोरं नसल्यामुळं, हे खरं. पण शाळा बंद पडल्यामुळंही माणसं गाव सोडतात, हे मी दहा गावांत डोळ्यांनी बघितलंय.

आणि शेवटचं, कपाट. प्रयोगशाळा कुठंही होवो, तिच्यात पहिली वस्तू येईल ती लोखंडी कपाट. आत बारीक दिवा पेटता ठेवायचा, म्हणजे बुरशी येत नाही. त्यात यंत्रं, त्यात वह्या. दर वहीची एक प्रत वाडीत राहील, मराठीत, कुणाही पोराला वाचता येईल अशी. पाऊस आमच्या डोक्यावर पडतो, आकडे शहरात राहतात, असं यापुढं चालणार नाही.

तात्याच्या उरलेल्या चार वह्या माझ्याकडं आहेत. 1997 ते 2000. अजून त्या माळ्यावर, कणगीशेजारीच ठेवल्यात. कपाट आलं की त्या मी स्वतः नेऊन देईन.

पैसा ज्यांच्या हातात आहे त्यांना एकच विनंती. सही करण्याआधी एकदा या. मे महिन्यात नको, भाद्रपदात या. गाडी शाळेपाशी लावा आणि सड्यावर पायी चढा. मी येतो बरोबर. वर पोचल्यावर चपला काढून हातात घ्या, खळग्याच्या कडेनं चाला आणि मग मला बोट ठेवून दाखवा, की पाया नेमका कुठं खणायचा.